सहा बाय चारचं शिवार

सोळा वर्षं मी मुलांना भात शिकवला. 'भाताला उष्ण व दमट हवामान, भरपूर पाऊस आणि पाणी धरून ठेवणारी जमीन लागते' हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय, की राजारामपुरीतल्या आमच्या हायस्कुलाचा तो फळाच एव्हाना पिकायला हवा होता. वाक्य लिहून झालं की शेजारी मी भाताचं रोप काढत असे. शेटे मास्तरांचं अक्षर आणि शेटे मास्तरांची चित्रं याबद्दल शाळेत दुमत नव्हतं. निदान चौऱ्याहत्तर सालच्या जूनपर्यंत तरी नव्हतं.

त्या जूनमध्ये गारगोटीकडचे एक शेतकरी मुलाचं नाव घालायला शाळेत आले. सयाजीराव त्यांचं नाव. क्लार्क चहाला गेला होता, म्हणून ते वेळ घालवायला माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. हात मागं बांधलेले, नजर फळ्यावर.

"काय पाहिजे पावणं?" मी विचारलं.

"काय न्हाय, चालू द्या तुमचं. चित्र बघत हुतो. जोंधळा झकास काढलासा."

"तो भात आहे," मी म्हणालो.

सयाजीराव दोन पावलं आत आले. "भात? आणि एवढं ताठ? भात वाकतंय मास्तर. दाणा भरला की लेकुरवाळ्या बाईगत खाली बघतंय. ह्यो छाती काढून उभा हाय. ह्यो जोंधळा."

पन्नास मुलं हसली. मुलांचं काही नाही, ती पृथ्वी गोल आहे म्हटलं तरी हसतात. पण मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतही हसू पोचलं होतं, आणि पीटीच्या मास्तरांनी मला "काय जोंधळे गुरुजी" म्हटलं, तेव्हा मात्र मी डबा तसाच बंद केला.

घरी येऊन मी कागदावर तेच चित्र काढलं आणि बायकोपुढं धरलं. नीलम्मा निपाणीच्या पलीकडची. ती चित्राकडं एकदा आणि माझ्याकडं एकदा बघून म्हणाली, "जोळ की हो!" कानडीत जोंधळ्याला जोळ म्हणतात. म्हणजे दोन भाषांत माझा निकाल लागला.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, गारगोटीची एसटी पकडायची, सयाजीरावांच्या शिवारात जायचं आणि भात बघून यायचं. त्यांनी जाताना आमंत्रणही दिलं होतं, "या की एकदा, दावतो." पण ज्या माणसानं भर वर्गात माझ्या भाताचा जोंधळा केला, त्याच्याच बांधावर वही-पेन्सिल घेऊन उभं राहायचं? माणसाला अब्रू म्हणून काही असते. मी ठरवलं, भात बघायचा तो आपल्या घरी. आपण लावायचा, आपण वाढवायचा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ बघायचा.

आमचं घर म्हणजे बयाबाईंच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या आणि पुढची गच्ची. बयाबाई खाली एकट्या राहत. साठीच्या पुढच्या, गुडघ्यांनी अधू आणि आवाजानं धडधाकट. शेती करतोय हे त्यांना सांगावं असं मला तेव्हा वाटलं नाही. पावशेर भात पिकवायला मालकाची परवानगी कशाला?

समोर नबीलालचं पत्र्याचं दुकान होतं. बादल्या, घमेली, पेट्या, जे म्हणाल ते तो ठोकून द्यायचा. मी त्याला सहा फूट बाय चार फूट आणि वीतभर उंच असं भांडं सांगितलं.

"कशाला पायजे मास्तर?"

"भातासाठी."

नबीलालनं हातोडी खाली ठेवली. "एवढा भात? लगीन कुणाचं काढलासा?"

त्याला खुलासा करेपर्यंत दुकानापुढं चार माणसं जमली आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, शेणखत घाला. दुसरा म्हणाला, शेणखत चुकूनही घालू नका. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार सिद्धाप्पा वजनकाटा तसाच सोडून आले आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, मी तांदूळ विकतोच की. माझं काय चुकलं?"

भांडं उत्तम झालं. फक्त ते आमच्या जिन्यातून वर जाईना. उभं करून बघितलं, आडवं करून बघितलं, जिन्याच्या वळणावर ते असं अडकलं की वरचा माणूस वर आणि खालचा खाली. नीलम्मा खाली अडकली होती आणि दूध वर उतू जात होतं. शेवटी ते बाहेर काढून, दोर बांधून, गल्लीतून सरळ गच्चीवर ओढायचं ठरलं. वरून मी आणि सिद्धाप्पा, खालून नबीलाल आणि बाकीची गल्ली. पाणी साठवायचं भांडं असेल, असं समजून बयाबाईंनी काही विचारलं नाही. ओढताना जोर लागेना, तेव्हा खालून नबीलालच ओरडला, "जोतिबाच्या नावानं..." आणि सगळ्यांनी "चांगभलं!" म्हटल्याबरोबर भांडं गच्चीत. माझ्या शेतीला देवाचं नाव लागलं ते असं.

मग मी घमेल्यात माती घालून बी पेरलं आणि रोज पाणी दिलं. उगवेना. दहाव्या दिवशी घमेल्याला वास यायला लागला. नबीलालला वर बोलावलं. त्यानं बोटानं माती उकरली, दोन दाणे तळहातावर घेतले, आणि माझ्याकडं असं बघितलं की मला माझी बी.ए. आणि बी.टी. आठवली.

"मास्तर, हे तर तांदूळ हाईत."

"मग? भाताचं बी तेच ना?"

"ह्येचं टरफल काढलंय की! तांदूळ पेरला म्हंजे सोललेलं अंडं कोंबडीखाली ठेवल्यागत झालं."

सोळा वर्षं शिकवत होतो. पुस्तकात हे नव्हतं. पुस्तकात हवामान होतं.

टरफलासकटचं बी हवं होतं, आणि ओळखीचा भात पिकवणारा माणूस एकच होता. तीन दिवस मी अब्रूशी झगडलो. चौथ्या दिवशी सयाजीरावांना एक आंतरदेशीय पत्र लिहिलं. 'विद्यार्थ्यांच्या अभ्यासार्थ मूठभर बियाणे पाठवावे' असं अगदी सरकारी भाषेत. आठवड्याच्या आत गारगोटीच्या एसटीच्या कंडक्टरनं शाळेत एक फडक्याची पुरचुंडी आणून दिली. आत पिवळसर, काटक बी आणि एक चिठ्ठी : 'जात जोंधळा जिरगा. नावावर जाऊ नका, भातच हाय. दाणा जोंधळ्यागत बारका गोल असतोय म्हणून म्हणत्यात.' मी चिठ्ठी फाडून टाकली. हा माणूस माझी पाठ सोडत नव्हता.

पण बी खरं निघालं. भिजवून, कापडात बांधून ठेवलं, मोड आले, घमेल्यात पेरलं, आणि पाचव्या दिवशी मातीतून हिरव्या सुया वर आल्या. मी नीलम्माला झोपेतून उठवून गच्चीवर नेलं. तिनं वाकून बघितलं आणि आत जाऊन देवापुढची चिमूटभर विभूती आणून घमेल्याला लावली. माझ्या पगारवाढीलाही तिनं कधी विभूती लावली नव्हती.

रोपं वीतभर झाली तशी मोठ्या भांड्यात लावण करायची वेळ आली. त्याआधी चिखल करायचा. सयाजीरावांकडं बैल असतील, माझ्याकडं मी होतो. धोतर गुडघ्याच्या वर खोचून मी भांड्यात उतरलो आणि तुडवायला लागलो. समोरच्या माडीवरून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, तालमीचा हौदा काढलासा काय?" संध्याकाळपर्यंत दोन तरुण पैलवान खरोखर चौकशीला आले. मला धोतर खोचून चिखलात बघून त्यांनी नमस्कार केला आणि माझ्या पोटाकडं बघून ते परत गेले.

लावण करताना माणूस मागं मागं सरकतो, हे मला नीलम्मानं सांगितलं. तिनं माहेरी, सदलग्याकडं, लहानपणी बघितलं होतं. मी ओळ धरून मागं सरकत गेलो, शेत सहा फुटांत संपतं हे विसरलो, आणि काठावरून उलटा धुण्याच्या पिंपात बसलो. नीलम्मा इतकी हसली, की बाकीची लावण तिनंच हसत हसत पुरी केली. तिच्या ओळी सरळ आल्या. माझ्या ओळी नकाशातल्या नद्यांसारख्या होत्या.

पुढं आठवडाभर सगळं झकास चाललं. पाऊस होता, रोपांनी जीव धरला. एक बेडूकही राहायला आला. तो माडीवर जिन्यानं आला की पन्हळीनं, ते मला अजून उलगडलेलं नाही. रोपांतलं एक तर सगळ्यांपेक्षा वीतभर उंच गेलं. मी त्याला काठीचा आधार दिला, त्याच्या बुडाशी जादा खत घातलं, शाळेतून आल्यावर आधी त्याची विचारपूस करायचो. हुशार विद्यार्थी आणि हुशार रोप मला लगेच ओळखू येतं.

आणि मग एका दुपारी खालून हाक आली, "मास्तर!"

खाली गेलो तर बयाबाई जेवत्या ताटावरून उठून उभ्या. छतातून एक एक थेंब बरोबर त्यांच्या आमटीत पडत होता. त्यांनी वर बोट दाखवलं. "वर काय चाललंय?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण ऐन वेळी सुचत नाही. "भात लावलाय मावशी. थोडासाच."

मला वाटलं होतं त्या छताबद्दल बोलतील. भांड्याचा सांधा नबीलाल डाग मारून देईल, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. पण बयाबाईंचा चेहराच उतरला. त्या पाटावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या घरावर शेत कसालायसा? मास्तर, मी भाडेकरू ठेवला हुता. कूळ न्हाय ठेवलं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"हसू नका. माझं सव्वा एकर असंच गेलंय. गारगोटीच्या वर, वढ्याकाठाला. मालक वारलं, मी हितं आलो, शेत दुसऱ्याला कसाय दिलं. सत्तावन्न साली कायदा आला. कसंल त्येची जमीन. गेली. त्येला नावंबी न्हाय ठेवत मी, त्यो बी गरीबच हुता. पर आता माझ्याकडं एवढं घर हाय. आज गच्चीवर कसालायसा, उद्या म्हणशीला गच्ची माझी."

मी कूळकायदा समजावून सांगितला. पत्र्याच्या भांड्याला तो लागत नाही असं शपथेवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "तोंडी नगं. सरकारचा कागद आणा, हे शेत न्हाय म्हणून. दसऱ्याच्या आत आणा. न्हायतर भात तरी खाली उतरंल, न्हायतर तुम्ही तरी."

राजारामपुरीत दोन खोल्या आणि गच्ची सोडून परत कुठं जायचं? नीलम्मा त्या रात्री माझ्याशी फक्त कानडीत बोलली. ती कानडीत बोलायला लागली की विषय गंभीर असतो.

नबीलालनं भांड्याचा सांधा डागून दिला आणि मी अर्ज लिहून कचेरीत गेलो. कारकुनानं तो दोनदा वाचला.

"गच्ची शेतजमीन न्हाय, असा दाखला पायजे?"

"हो."

"आणि गच्चीवर काय हाय?"

"भात."

"मग शेती हाय की."

"शेती आहे, पण जमीन नाही."

त्यानं चष्मा काढला. "पावणं, जमिनीबिगर शेती कुठं असती? सातबारा आणा."

"गच्चीला सातबारा नसतो."

"मग भात लावलं कशात?"

"पत्र्याच्या भांड्यात."

"त्या भांड्याचा गट नंबर काय?"

पुढच्या खेपेला त्यानं मला दुसऱ्या टेबलाकडं पाठवलं. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, भात आहे तर सरकारला लेव्हीचं धान्य घालणार का? मी म्हटलं, पीक अजून पोटरीतसुद्धा आलेलं नाही, दाणा तर लांबच. ते म्हणाले, मग आल्यावर या. तिसऱ्या टेबलावरच्यांनी अर्ज शिक्षण खात्याकडं पाठवायला सांगितलं, कारण अर्जदार मास्तर होता. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. भात वाढत होतं, अर्ज वाढत होता. अर्जाला तोवर सात कागद जोडले गेले होते आणि भाताला पंधरा फुटवे. शेवटी एका वयस्क साहेबांना माझी दया आली. त्यांनी तलाठ्याला जागेवर जाऊन पंचनामा करायला सांगितलं.

घट बसायच्या आदल्या आठवड्यात तलाठी आले. जोतीराम भाऊसाहेब. मोकळ्या स्वभावाचा, सायकलवरून आलेला, घामेजलेला माणूस. पंच म्हणून नबीलाल आणि सिद्धाप्पा वर आले. सिद्धाप्पा नवी टोपी घालून आले होते. बयाबाई खालीच थांबल्या, गुडघ्यांमुळं त्या माडीवर कधी येत नसत.

तलाठ्यांनी भांड्याभोवती एक फेरी मारली. चहा घेतला. कागद मांडीवर घेतला.

"मास्तर, सोपं करतो तुमचं. ऐका : 'सदर गच्चीवर शोभेचं गवत लावलेलं आढळलं.' गवताला कूळ नसतंय, सातबारा नसतोय, लेव्ही नसती. बयाबाईंची भीती गेली, तुमचं घर राहिलं. करा सही."

खरंच सोपं होतं. नबीलालनं मान डोलावली. दारातून नीलम्मानं डोळ्यांनीच सांगितलं, करा. मी पेन हातात घेतलं आणि भाताकडं बघितलं. नुकत्याच ओंब्या बाहेर पडल्या होत्या. अजून दाणा भरला नव्हता, तरी त्या टोकाशी जराशा वाकायला लागल्या होत्या. हे मी वाढवलं होतं. दहा दिवस तांदूळ कुजवून, पिंपात बसून, सात कागद जोडून वाढवलं होतं. आणि आता मीच लिहून द्यायचं, की हे गवत?

"सही करणार नाही," मी म्हणालो. "हे भात आहे."

"अहो!" नीलम्मा बाहेर आली. "घर जाईल!"

"जाऊ दे," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

तलाठी समजावायला लागले, सिद्धाप्पा मध्ये पडले, नबीलालनं मला बाजूला ओढलं, नीलम्मा कानडीत सुरू झाली. या गोंधळात जिन्यावर कण्हण्याचा आवाज आला ते कुणाला कळलंच नाही. वळून बघितलं तर बयाबाई. कठड्याला धरून, धापा टाकत, शेवटच्या पायरीवर उभ्या. त्यांनी आमच्यापैकी कुणाकडंही बघितलं नाही. त्या नाकानं हवा ओढत होत्या.

"जिरगा," त्या म्हणाल्या.

"काय मावशी?"

"चार दीस वास येतोय खाली. मला वाटलं म्हातारपणी भास व्हायलाय." त्या भांड्यापाशी आल्या, एक ओंबी दोन बोटांत धरली, सोडली, दुसरी धरली. "फुलोऱ्यात आला की असाच वास सुटतोय. वढ्याच्या अल्याड आलं की कळायचं, आपलं शेत आलं." मग त्या तलाठ्यांकडं वळल्या आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "ह्येला गवात म्हणतासा व्हय हो भाऊसाहेब? कुठल्या गावचं तुम्ही?"

भाऊसाहेब गडबडले. "मावशी, तुमच्याच भल्यासाठी..."

"गवात बघायचंय? ह्ये बघा गवात." असं म्हणून त्यांनी माझं ते सगळ्यांत उंच, काठीचा आधार दिलेलं, जादा खत खाल्लेलं रोप मुळासकट उपटलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्ये मातूर गवात हाय मास्तर. तीन महिनं पाळलासा." नबीलाल तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"आता लिव्हा," बयाबाई म्हणाल्या. "भात म्हणून लिव्हा."

"भात लिव्हलं की कसणाऱ्याचं नाव लिव्हाय लागंल," तलाठी म्हणाले. "मास्तरांचं लिव्हलं तर परत तुमचीच तक्रार."

बयाबाईंनी पदर खोचला. "माझं लिव्हा. जागा माझी, शेत माझं, कसतोय मीच."

"आणि हे?" तलाठ्यांनी माझ्याकडं पेन रोखलं.

"त्यो माझा गडी."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एका हातात उपटलेलं गवत, दुसऱ्या हातात पेन. बी.ए., बी.टी., सोळा वर्षांची नोकरी. पण हे लिहून दिलं तर भात हे भातच राहणार होतं आणि घर हे घर. मी म्हणालो, "कबूल." पंचनामा माझ्याकडं अजून आहे. 'श्रीमती बयाबाई यांचे राहते घराचे गच्चीवर, पत्र्याचे भांड्यात, सहा बाय चार फूट, भाताचे पीक आढळले. जात जिरगा. स्थिती उत्तम. कसणार : स्वतः. गडी : एक.' नाव नाही. नुसतं एक.

त्या दिवसापासून बयाबाई गुडघ्यांना तेल चोळून रोज वर यायला लागल्या. येताना जिन्यातूनच हाक द्यायच्या, "काय रं गड्या, पाणी दिलंस का?" नंतर जीभ चावून म्हणायच्या, "न्हवं, मास्तर." दाणे भरायला लागले तशा चिमण्या आल्या. मी टाळ्या वाजवल्या, धोतर हलवलं, भूगोलाचा मोठा नकाशा फडकावला. चिमण्यांना तो आवडला. नबीलालनं मग पत्र्याच्या चकत्या दोरीला बांधून भांड्यावर टांगल्या आणि दोरीचं टोक खाली बयाबाईंच्या स्वयंपाकघरात सोडलं. चिवचिव कानावर आली की त्या चुलीपाशी बसल्या बसल्या दोरी ओढायच्या आणि वर गणपतीच्या मिरवणुकीएवढा आवाज व्हायचा. चिमण्या उडायच्या. सुरुवातीला मीही उडायचो.

दिवाळीच्या आधी सयाजीराव बाजाराला आले होते, ते मुलाची चौकशी करून माझ्यामागं घरी आले. मी काही बोलावलं नव्हतं. गच्चीवर येऊन त्यांनी बराच वेळ बघितलं. एक दाणा दाताखाली फोडला. ओंब्या जमिनीला टेकायला आल्या होत्या.

"कुणी सांगितलं हुतं तुम्हाला, काय कसं करायचं ते?"

"कुणी नाही," मी म्हणालो, आणि मग सत्याला धरून म्हणालो, "सगळ्यांनी."

"मास्तर," ते म्हणाले, "ह्ये भात हाय." आणि पुढं, "आणखी आठ दिसानं कापा. म्होरं नगं, मागं नगं."

आठव्या दिवशी दिवाळीची सुट्टी होती. विळा धरायचा कसा ते बयाबाईंनी दाखवलं आणि मी कापताना त्या सारखं "बोट, बोट!" ओरडत राहिल्या. धुण्याच्या दगडावर पेंढ्या आपटून झोडणी झाली. उखळ आमच्याकडं नव्हतं, बयाबाईंचं भंगारात गेलं होतं, पण नबीलालच्या घरी मसाला कांडायचं एक होतं. त्याच्या बायकोनं, शमशादनं, ते दोन वेळा धुऊन पुसून दिलं, तरी पहिल्या घाण्यात तांदळाला लवंगेचा वास आलाच. बायकांनी आळीपाळीनं कांडलं, नीलम्मानं पाखडलं. मी मोजायला बसलो. तीन वाट्या भरल्या. चौथी अर्धीच राहिली. मी त्या साडेतीन वाट्या गल्लीत दारोदार नेऊन दाखवल्या. सिद्धाप्पांनी तांदूळ मुठीत घेऊन वास घेतला, खडे आहेत का बघितलं, आणि धंदेवाईक माणसाच्या प्रामाणिकपणानं म्हणाले, "असला माझ्याकडं न्हाय."

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी बयाबाईंच्या सोप्यावर पंगत बसली. नबीलाल, शमशाद, सिद्धाप्पा, सायकल भिंतीला लावून आलेले जोतीराम भाऊसाहेब, आणि आम्ही दोघं. भात बयाबाईंनी स्वतः शिजवला. दुसऱ्या कुणाला चुलीजवळ येऊ दिलं नाही. झाकण काढलं तेव्हा वास रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण जाणारी दोन माणसं दारात थांबून आत बघत होती.

पातेलं घेऊन त्या पंगतीत आल्या. तलाठी पहिल्या पाटावर होते, त्यांनी ताट पुढं केलं. बयाबाई त्यांना ओलांडून माझ्यापुढं आल्या.

"सुगीत पयलं वाढाप गड्याला असतंय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात भाताची मूद घातली.

सगळ्यांना चार-पाच घास आले. त्यावर आमटी घ्यायला कुणी तयार होईना. बयाबाई शेवटी बसल्या. पहिला घास त्यांनी कोरडाच खाल्ला, सावकाश. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"घरचं हाय," त्या म्हणाल्या. एवढंच. सतरा वर्षांनी. मग पदरानं डोळे पुसले आणि धुराला दोन शिव्या दिल्या.

मीही खायला लागलो. नवा तांदूळ, त्यामुळं भात जरा चिकट झाला होता, लवंगेचा वासही जराजरा होताच. तिसऱ्या घासाला माझ्या दाताखाली कचकन खडा आला. आवाज सगळ्या पंगतीला ऐकू गेला. जेवणात खडा लागला की मी घर डोक्यावर घेतो, हे नीलम्माला ठाऊक आहे. ती धास्तावून माझ्याकडं बघायला लागली.

मी खडा तोंडातून काढला, बघितला, आणि ताटाच्या कडेला नीट ठेवून दिला. आमच्या शेतातला होता.